स्टिकची माणसं : बदल नेमका कुठे बघायचा? (लंडन, हॅकनी)

होमर्टनची_मेघा :
नमस्कार मंडळी, आम्ही हॅकनीत राहतो आणि इथल्या स्टिक नावाच्या स्ट्रीट आर्टिस्टबद्दल विचारायचं होतं. सहा रेघा आणि दोन ठिपके, नाक नाही तोंड नाही, अशी पांढरी माणसं भिंतींवर काढतो ना, तोच. लेक ९ वर्षांची आहे, तिला त्याचं प्रचंड वेड लागलंय, बसमधून भिंत दिसली की ओरडते "आई स्टिक!" आणि घरी येऊन वहीत काढत बसते. आता तिला त्याच्या चित्रांची एक वही करायचीये, जुन्यापासून नव्यापर्यंत, तो माणूस कसा कसा बदलत गेला ते दाखवणारी. परवा मला विचारते, हा घाबरलाय आणि हा शांत आहे हे मला कळतं, पण तोंडच नाहीये तर कळतं कशावरून? मला काही नीट सांगता येईना. मला तर पहिल्यांदा बघताना सगळी सारखीच वाटतात. तर चित्रकलेतलं कळणाऱ्यांनी सांगा, फरक कुठे शोधायचा आणि कुठली चित्रं चुकवू नयेत?

ब्रिकलेनचा_भटक्या :
मेघाताई, लेकीची नजर चांगली आहे, तिला जे कळतंय तेच मुख्य आहे. सुरुवात प्रिन्सलेट स्ट्रीटपासून करा, ब्रिक लेनला लागूनच आहे. तिथलं २०१० चं चित्र म्हणजे एक बुरख्यातली बाई आणि शेजारी स्टिकचा नेहमीचा माणूस, दोघं हात धरून उभे. मागे २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या लोकांच्या आवडत्या कलाकृतींचा एक पोल झाला होता त्यात हे १७ वं आलं होतं, आणि आहे केवढं तर साधारण एका दाराच्या आकाराचं. बांगलादेशी वस्तीच्या मधोमध आहे हे लक्षात घेऊन बघा, दुसऱ्या कुठल्या गल्लीत असतं तर इतकं भिडलं नसतं असं मला वाटतं. त्यानंतर हॉक्सटन स्क्वेअरमधला पुतळा बघा, २०२० चा, ब्राँझचा, जवळपास ४ मीटर उंच. तिथेही दोन माणसं हात धरूनच आहेत पण बघतात दोन विरुद्ध दिशांना. हात धरणं तेच पण दहा वर्षांत भिंतीवरून ब्राँझमध्ये गेलं. वहीत ही दोन चित्रं समोरासमोरच्या पानांवर लावा, फरक लेकीला आपोआप दिसेल. तुमच्या होमर्टन हॉस्पिटलमध्येही त्याचं झोपलेलं बाळ आहे, ते तर घराजवळच.

रेघ_आणि_रंग (नाशिक) :
मी शाळेत चित्रकला शिकवतो, प्रत्यक्ष लंडनला गेलेलो नाही, त्याची चित्रं फोटोतच बघितलीत. पण लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण माझ्या वर्गातली पोरं पण हेच विचारतात. तोंड नसलं की सगळं काम मान, खांदा आणि वजन कुठल्या पायावर आहे यावर येऊन पडतं. डोळ्याचे दोन ठिपके डोक्याच्या मधोमध काढले तर माणूस समोर बघतो, तेच थोडे एका कडेला सरकवले की लगेच तो कुणाकडे तरी बघायला लागतो, थोडे खाली घेतले की विचारात पडतो. डोकं धडाच्या रेघेपासून जरा कललं तरी मूड बदलतो. स्टिकने पूर्वी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसायचं काम केलंय, त्यामुळे अंग कसं उभं राहतं हे त्याला आतून माहीत असणार, आणि मला वाटतं त्याची रेघ एवढी साधी असून खोटी वाटत नाही ती त्यामुळेच.

आपल्याकडे वारलीत बघा, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली माणसं, दोन त्रिकोण आणि काड्यांचे हातपाय, चेहरा जवळजवळ नाहीच, तरी कोण नाचतंय कोण ओझं घेऊन चाललंय हे पोर पण सांगतं. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत तर शंभर माणसं असली तरी प्रत्येकाच्या कमरेचा बाक वेगळा. लेकीला एक खेळ द्या : सहा रेघा आणि दोन ठिपके तेवढेच वापरायचे, आणि वाट बघणारा, रुसलेला, थंडीने कुडकुडणारा असे तीन माणूस काढायचे. खोडरबर द्यायचा नाही. तिला स्टिकचं अर्धं काम एका दुपारी कळेल.

लंडनवासी_ठाणेकर :
वरच्या सरांचं बरोबर आहे पण मी थोडं वेगळं म्हणेन. माणसाचा आकार फारसा बदललेलाच नाही, मुद्दामच. बदलली ती जागा आणि सोबत कोण आहे ते. स्टिक स्वतः बेघर होता, हॅकनीतल्या सेंट मंगोज या बेघरांसाठीच्या हॉस्टेलमध्ये राहिलाय, सुरुवातीला आडरस्त्यांच्या भिंतींवर काढायचा. मग २०१४ मध्ये पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनमध्ये 'बिग मदर' काढलं, कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या पालिकेच्या) बहुमजली इमारतीवर, सुमारे ३८ मीटर उंच, आई आणि तिच्याकडे मूल, तेव्हा देशातलं सगळ्यात उंच भित्तिचित्र म्हणत होते. आणि ती इमारत पाडायचीच ठरलेली होती! समोर महागडे फ्लॅट येत होते, परवडणारी घरं जात होती, म्हणून तर तिथे काढलं. आता इमारतही नाही आणि चित्रही नाही. त्या आईच्या अंगात तेच ठिपके, त्याच रेघा, पण पाडायच्या घरावर उभी केली की अर्थ कुठल्या कुठे जातो. म्हणून वहीत प्रत्येक चित्राखाली गल्लीचं नाव, समोर काय आहे, आणि शेजारी दुकान कुठलं ते लेकीला लिहायला लावा. फोटो काढताना एक अगदी जवळून आणि एक रस्त्यापलीकडून, आजूबाजूसकट, आणि मागे तारीख. रस्त्यावरचं चित्र उद्या पुसलेलं असू शकतं, मग तुमच्या लेकीचा फोटोच काय तो उरतो.

होमर्टनची_मेघा :
बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी! सरांचा खेळ लगेच करून बघितला, कुडकुडणाऱ्याचे हात तिने अंगाला चिकटवले आणि डोकं खांद्यात घातलं, मी न सांगता. एक विचारायचं राहिलं, तो पुतळा झाला तेव्हा हॅकनीतल्या घराघरांत त्याच्या चित्राचे प्रिंट वाटले होते म्हणे, ते आता कुठे मिळतील का? तिच्या वाढदिवसाला द्यायचा विचार होता.

ब्रिकलेनचा_भटक्या :
ताई, प्रिंटच्या बाबतीत जपून. २०२० मध्ये हॅकनीच्या रहिवाशांना फुकट वाटायला १ लाख प्रिंट काढले होते, त्यातले काही घरोघर पोचायच्या आधीच चोरीला गेले आणि ऑनलाइन विकायला आले. लोकांना भेट म्हणून दिलेली वस्तू अशी विकली जावी याचं मला फार वाईट वाटलं होतं. त्यामुळे कुठून आला हे पक्कं कळत नसेल तर घेऊ नका. एखाद्या शेजाऱ्याकडे अजून घडी करून ठेवलेला असेल तर विचारून बघा, हॅकनीत खूप घरांत आहे.

त्यापेक्षा वाढदिवसाला तिला दक्षिण लंडनमधल्या डलिचला न्या. लंडन ब्रिजवरून नॉर्थ डलिचची ट्रेन आहे. तिथल्या पिक्चर गॅलरीतली जुनी तैलचित्रं घेऊन स्टिकने २०१२ मध्ये आसपासच्या भिंतींवर आपल्या पद्धतीने काढलीत. आधी गॅलरीत मुरियो या जुन्या स्पॅनिश चित्रकाराचं तीन मुलांचं चित्र दाखवा, त्यात एक पोरगा हात पुढे करून खायला मागतोय आणि खाली बसलेला आपला पाय आपल्याकडे ओढून धरतोय (पाय म्हणजे तो आत सारण भरून भाजलेला पदार्थ, अवयव नव्हे). मग बाहेर पडून स्टिकचं तेच चित्र शोधा आणि लेकीलाच सांगू दे त्याने काय ठेवलं आणि काय गाळलं. सोमवारी गॅलरी बंद असते, बाकी कुठल्याही दिवशी जा, फक्त भिंती थोड्या लांब लांब आहेत तेव्हा पायात बूट चांगले घाला आणि खाऊ बरोबर ठेवा.