हार्ट्‌सचे खाण-टालर: भागधारकांचा लाभांश की ड्यूकची जाहिरात?

धागाकर्ता: जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतातल्या चांदीतून ब्राउनश्वाइग संस्थानाच्या ड्यूकांनी (सत्ताधीशांनी) सतराव्या-अठराव्या शतकांत खाणींच्या नावांनिशी जे टालर (चांदीची मोठी नाणी) पाडले, त्यांना दरबारी बडेजाव म्हणून निकालात काढले जाते, हे मला पटत नाही. ‘लाउटेनथाल्स ग्ल्युक’ खाणीच्या टालरवर भाग्यदेवता गोगलगायीवर उभी राहून ल्यूट हे तंतुवाद्य वाजवते आणि लॅटिन मजकूर सांगतो की अखेर नशीबच सुईण झाले. भागधारकांनी वर्षानुवर्षे पदरमोड केली तेव्हा कुठे खाण फळाला आली, हेच त्या संथ गोगलगायीतून सुचवलेले आहे. ‘ग्यूटे डेस हेर्न’ खाणीच्या टालरवर तर ती १७४० साली नफ्यात आल्याची चक्क नोंद आहे. निव्वळ स्तुतीसाठी पाडलेले नाणे असा हिशेब कशाला देईल?

प्रतिसाद १: हिशेब दिला आहे खरा, पण जमेच्या बाजूचाच. तोट्यातील खाणीच्या भागधारकाला खाण चालू ठेवण्यासाठी दर तिमाहीस वर्गणी भरावी लागे; त्याच्या नावाने कोणी टालर पाडला नाही. शिवाय चांदी राज्यकर्त्याच्या टांकसाळीलाच, त्याने ठरवलेल्या भावाने विकणे भाग असे आणि दशमांश वेगळा, म्हणजे भागधारकाच्या हाती लाभांश पडण्याआधीच सत्ताधीशाचा वाटा बाजूला निघालेला असे. याच घराण्यातल्या ड्यूक युलिउसने १५७४ पासून ‘लोझर’ नावाची, दहा टालर वजनाचीही, नाणी पाडली. ऐपतदार प्रजेने ती घ्यावीत, जपून ठेवावीत आणि मागणी होताच हजर करावीत, असा दंडक होता. या घराण्याला चांदीचा वापर कशासाठी करायचा, हे नेमके ठाऊक होते.

धागाकर्ता: लोझर हा प्रजेच्या घरी ठेवलेला राखीव साठा होता, एखाद्या खाणीच्या नफ्याची खूण नव्हे, दोन्ही एकाच मापाने मोजणे योग्य नाही. सक्तीची खरेदी आणि दशमांश तर खाणीतल्या सगळ्याच चांदीला लागू होते, त्यामुळे त्यावरून या विशिष्ट चित्रांचा अर्थ लागत नाही.

प्रतिसाद २: आपण दोघेही ड्यूक आणि भागधारक यांच्यापलीकडे पाहत नाही. काही टालरांवर खाणीचा देखावा आहे, त्यात कामगारही बारीक आकृतींत दिसतात. त्यांना मिळे ती फक्त मजुरी. ज्या नाण्यात कष्टकरी देखाव्यापुरता आहे, त्याला खाणीचा प्रामाणिक दस्तऐवज म्हणणे मला मान्य नाही, आणि केवळ जाहिरात म्हणणेही अपुरे वाटते, कारण जाहिरातदाराला गोगलगाय दाखवण्याची गरज नव्हती.