शेंगदाण्याच्या ज्या पोत्यात हिरवी बुरशी दिसते त्यात विष कमी, स्वच्छ पोत्यात जास्त. असं कसं?

उखळवाली (सोलापूर):
घरी शेंगा चटणी करते, उखळात कुटून, तेल सुटेपर्यंत. यंदा दोन पोत्यांतले दाणे तपासायला दिले. एकावर पोपटी बुरशी डोळ्यांनी दिसत होती, तर अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) मर्यादेच्या आत. दुसरं पोतं चकचकीत, ते मर्यादेबाहेर! नमुने तर अदलाबदल झाले नसतील? आणि भाजल्यावर जातं ना हे?

पेट्रीडिश_मास्तर:
ताई, भाजून कमी होतं, पुरतं जात नाही. अदलाबदलच झाली असेल असं नाही. हे विष करणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीचे काही वाण विष करतच नाहीत. जे करतात, त्यांचंही खाण्यावर अवलंबून. आम्ही ग्लुकोज किंवा साध्या साखरेवर वाढवतो तेव्हा विष भरपूर. नुसत्या पेप्टोनवर (प्रथिनं विरघळवून केलेलं खाद्य) बुरशी गालिच्यासारखी दाटते, विष मात्र नगण्य. नत्र अमोनियमच्या रूपात दिलं तर जास्त, नायट्रेट दिलं तर कमी. अमोनियम खाताना ती भोवतालचं माध्यम आंबट करते, हे त्यामागचं एक कारण. म्हणून रंगावरून विष ओळखू नका.

उखळवाली:
म्हणजे शेतकऱ्यांनी युरिया कमी टाकला तर झालं?

बार्शीकर_काका:
अहो ताई, डिशमधलं गणित रानात लावू नका! भुईमूग मुळांच्या गाठींतून स्वतःचं नत्र करतो, युरिया आम्ही टाकतोच किती? खरा घोटाळा शेवटच्या महिन्यात. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला, जमीन तापली, की बुरशीचं फावतं. आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) धरताना जिप्सम दिलं तर टरफल घट्ट होतं. काढल्यावर शेंगा ढिगात ठेवल्या की संपलं. वाजेपर्यंत वाळवा.

पेट्रीडिश_मास्तर:
काकांचं बरोबर. शिवाय मक्यावरच्या फ्युजेरियम या दुसऱ्या बुरशीचं उलटंच, तिथं नत्र आटलं की फ्युमोनिसिन हे तिचं विष वाढतं. एकच नियम सगळ्या बुरशींना लागत नाही. आणि ताई, पोत्यातले मूठभर दाणेच विषारी असतात. नमुना एकाच कोपऱ्यातला घेतला होता का?

उखळवाली:
हो, वरचेच दिले होते. काल दुसरं पोतं परातीत ओतून निवडलं. सुरकुतलेले, काळपट, भोक पडलेले मिळून सव्वा किलो निघाले. सासूबाई म्हणाल्या, गाईला घाल. मी म्हटलं, दुधात उतरलं तर? चुलीत घातले. आता उरलेल्यातून वरचे, मधले, तळाचे दाणे एकत्र करून परत तपासायला देते. निकाल आला की इथंच टाकते.