शब्दचर्चा: अवयवांतली चरबी, अवयवांभोवतीची चरबी आणि ‘कमी पडणारं’ इन्सुलिन

शब्दवेल्हाळ:
मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांसाठी असलेल्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. मूळ मजकुरात व्हिसेरल फॅट आणि एक्टोपिक फॅट असे दोन शब्द मुद्दाम वेगळे वापरलेत. आपल्याकडे दोन्हींना ‘अंतर्गत चरबी’ म्हणून मोकळे होतात. दुसरी अडचण: ‘या अवस्थेत इन्सुलिनचं उत्पादन कमी होतं’ हे वाक्य मला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

चूर्णवाटी:
आधी ‘चरबी’ काढा. शब्द फारसीतून आलाय म्हणून नव्हे, तर ‘चरबी चढली’ म्हणजे माज आला असा अर्थ मराठीत घट्ट बसलाय म्हणून. ‘मेद’ घ्या, सात धातूंतला एक. चरकाने मेदोवह स्रोतसांची, म्हणजे मेद वाहणाऱ्या मार्गांची, मुळं वृक्क (मूत्रपिंड) आणि वपावहन अशी सांगितली आहेत. व्हिसेरलला ‘वपा’ का नको?

रक्तशर्करा:
‘मेद’ मान्य. ‘वपा’ नको, ती आतड्यांवरच्या झालरीपुरती, आणि पुस्तिका वाचणाऱ्याला कळणारही नाही.

खरा फरक भोवती आणि आत एवढाच आहे. पोटात आतड्यांभोवती साठतो तो मेद (व्हिसेरल) खोलवर असला तरी मेदपेशींतच असतो, म्हणजे आपल्या घरी. यकृताच्या पेशीत मेदाचे थेंब दिसू लागले की तो परक्या घरात शिरला. हा एक्टोपिक, त्याला ‘अस्थानी मेद’ म्हणा. आपण ‘अस्थानी गर्भधारणा’ म्हणतोच, त्यामुळे शब्द परका वाटणार नाही. स्वादुपिंडात प्रकार जरा मिश्र असतो: काही मेदपेशी ग्रंथीच्या फटींत शिरतात, काही थेंब पेशींच्या आत. अस्थानी दोन्ही. (आणि हो, स्वादुपिंडच. ‘अग्न्याशय’ हिंदीतून येतो.)

आता तुमचं खटकणारं वाक्य. या अवस्थेत बऱ्याच जणांच्या रक्तात इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्तच असतं. यकृत आणि स्नायू त्याला दाद देत नाहीत, म्हणून ते *कमी पडतं*. ‘कमी होतं’ ही पुढची पायरी. मराठीत एका क्रियापदात हा फरक सांगता येतो, तो सोडू नका.

‘उत्पादन’ही जरा चुकतंच. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करून साठवून ठेवतात. शिरेतून ग्लुकोज दिलं की पहिल्या दहाएक मिनिटांत त्या साठ्यातून एक उसळी येते. आधी मंदावते ती ही उसळी. म्हणून ‘स्राव’ लिहा.

खडूस वाचक:
पण मेदाचा आणि या उसळीचा संबंध खरंच आहे, की नुसतं दोन गोष्टी एकत्र दिसतात?

रक्तशर्करा:
प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे मधुमेह संशोधक रॉय टेलर यांनी २००८ मध्ये दोन दुष्टचक्रांची कल्पना मांडली. जादा खाल्लेल्यातून यकृतात मेद साठतो, यकृत इन्सुलिनला जुमानत नाही, उपाशीपोटीची साखर चढते, त्यामुळे इन्सुलिन आणखी वाढतं आणि यकृतात आणखी मेद तयार होतो. हे पहिलं चक्र. यकृतातून बाहेर पडलेला मेद स्वादुपिंडापर्यंत जातो आणि बीटा पेशींना दमवतो, हे दुसरं. २०११ मध्ये त्यांनी टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. उपाशीपोटीची साखर पहिल्याच आठवड्यात उतरली. स्वादुपिंडातला मेद सावकाश, ८ टक्क्यांवरून सुमारे ६.२ टक्क्यांवर आला आणि पहिली उसळी परतली. म्हणजे त्या पेशी मेल्या नव्हत्या. तुमच्या मजकुरात ‘निकामी’ असेल तर ‘मंदावलेल्या’ करा.

पण हे मधुमेह झालेले लोक. उंबरठ्यावरच्यांबद्दल जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या गटाने दाखवलं की ज्यांची साखर आधीच बिघडू लागली आहे, त्यांच्यात स्वादुपिंडातला मेद जास्त तसा इन्सुलिनचा स्राव कमी. साखर सामान्य असलेल्यांत तसा संबंध दिसला नाही. पुढे त्यांनी आनुवंशिक धोक्याचाही धागा जोडला. सगळ्या अभ्यासांत मात्र हे सारखं निघत नाही. तेव्हा पुस्तिकेत ‘मुळे’ हा प्रत्यय जपून. ‘संबंध आढळतो’ पुरे.

खडूस वाचक:
मग ‘लठ्ठपणाचे परिणाम’ हे मथळ्यातले शब्द राहतात?

रक्तशर्करा:
आपल्याकडे तर मुळीच नकोत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो आला होता: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. शरीरातला मेद युडकिनांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२. काट्यावर सडपातळ, आतून नाही. ‘लठ्ठपणा’ वाचून असा माणूस पुस्तिका शेजाऱ्याला देईल.

चूर्णवाटी:
आणि ‘पूर्वमधुमेह’? पूर्वपरीक्षा म्हटली की मुख्य परीक्षा आलीच.

रक्तशर्करा:
तीच भीती. बरेच जण परततात. दवाखान्यात लोक ‘शुगर बॉर्डरला आहे’ म्हणतात, ते जास्त प्रामाणिक. तक्त्यात ‘पूर्वमधुमेह’ ठेवा, सोबत आकडे द्या: अमेरिकन निकषाने उपाशीपोटी साखर डेसिलिटरमागे १०० ते १२५ मिलिग्रॅम, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची मर्यादा ११० पासून धरते, तेव्हा निकष कोणाचा ते लिहा. मजकुरात ‘मधुमेहाचा उंबरठा’.

शब्दवेल्हाळ:
असं केलंय: ‘यकृतात आणि स्वादुपिंडात अस्थानी मेद साठलेल्या व्यक्तींमध्ये इन्सुलिन आधी कमी पडतं, पुढे त्याचा स्रावही मंदावतो.’ व्हिसेरलला ‘पोटाभोवतीचा मेद’.

खडूस वाचक:
‘पोटाभोवतीचा’ म्हटलं की लोक चिमटीत धरता येते ती वळी समजतील. ती कातडीखालची. ‘आतड्यांभोवतीचा’ करा.