मदत हवी आहे: फराळाच्या टोपल्यांचा कागद ताणून बसत नाही

रानजाई
फराळाच्या पंधरा टोपल्या परवापर्यंत बांधून व्हायला हव्यात. पारदर्शक कागद गुंडाळून वरून हेअर ड्रायर फिरवतेय, पण कागद आक्रसतच नाही. नुसता गरम होतो, सुरकुत्या तशाच. व्हिडिओत मात्र सगळ्यांचा कसा घट्ट बसतो! आतलं सामानही एका बाजूला कलतं. पटकन सांगा, काय चुकतंय?

ओसरी
कागद नक्की कोणता? टोपली किती इंची? आत काय आहे? हातोहात द्यायच्या आहेत की पाठवायच्या?

रानजाई
साधाच कागद हो, स्टेशनरीच्या दुकानात गुंडाळी मिळते तो. टोपली वेताची, मध्यम. आत दिवाळीचं नेहमीचंच.

घडीमोड
ताई, तुमच्याकडे जिलेटीन पेपर आहे असं दिसतंय. म्हणजे बीओपीपी, नावाला कागद पण असतं प्लास्टिकच. चकाकतो, हातात चुरचुर वाजतो आणि ड्रायरच्या उष्णतेने आक्रसत नाही. व्हिडिओत असते ती श्रिंक फिल्म, ती वेगळी वस्तू. खात्री करायची तर कडेचा बोटभर तुकडा कापून चिमट्याने ड्रायरसमोर धरा. श्रिंक असेल तर काही सेकंदांत वळून गोळा होईल. नसेल तर तासभर ड्रायर चालवूनही काही होणार नाही.

सुगरण_सातारा
"नेहमीचंच" म्हणजे काय ते नीट लिहा, सगळं त्यावर ठरतं. चकली, चिवडा आणि पाकातले रव्याचे लाडू एकाच वेष्टनात उघडे ठेवले तर लाडवातला ओलावा चकलीत उतरतो. वरचा कागद जितका घट्ट तितकी चकली लवकर मऊ. प्रत्येक जिन्नस वेगळ्या जाड पाऊचमध्ये भरून तोंड सीलरने बंद करा. त्याआधी चकली परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. आतून कोमट राहिली तर पाऊचला आतून वाफ धरते. आणि तळताना तेलातले बुडबुडे थांबायच्या आत चकली काढली असेल, तर कितीही चांगलं पॅकिंग तिला वाचवू शकत नाही.

हिरवी_पिशवी
मुळात प्लास्टिक हवंच कशाला? १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यांत मिठाईच्या खोक्यांवरची वेष्टनंही आहेत. ३६ इंच पन्ह्याचं सुती कापड घ्या, एक वार कापलं की चौकोन तयार. टोपली मधोमध ठेवून समोरासमोरची टोकं वर बांधा, उरलेल्या दोन टोकांची गाठ त्यावर. १२ इंची टोपलीला पुरतं आणि नंतर घरात वापरता येतं.

घडीमोड
कापड सुंदर दिसतं, पण हवा रोखत नाही. आत सुटी चकली असेल तर संध्याकाळपर्यंत मऊ.

हिरवी_पिशवी
सातारकर ताईंनी आताच सांगितलं ना, जिन्नस पाऊचमध्ये सील करायचे. हवा रोखणं पाऊचचं काम, वरचं वेष्टन शोभेला. मग शोभेसाठी प्लास्टिकचा आग्रह का?

घडीमोड
टोपलीतलं सामान न उघडता दिसावं म्हणून. भेट देणाऱ्याला ते हवं असतं.

नियमपालक
विक्री करत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. पाकिटावर घटक, वजन, बनवल्याची तारीख, हिरवी शाकाहारी खूण, सगळं छापायला हवं.

रानजाई
विकत नाहीये हो! शेजारी आणि नातेवाईक आहेत. चकली, चिवडा, शंकरपाळे पाऊचमध्ये आहेत. बेसनाचे लाडू बटर पेपरवर खोक्यात. शिवाय उटण्याची पुडी, दोन पणत्या, एक सुगंधी मेणबत्ती. कोणी टोपली कलण्याबद्दलही सांगा ना.

सुगरण_सातारा
उटणं आणि मेणबत्ती फराळासोबत बंद करू नका! तुपातेलाचे पदार्थ वास पटकन धरतात. लाडू उघडेच आहेत म्हणताय, त्यांना उटण्यातल्या कापूरकाचरीचा वास लागेल. उटणं झाकणाच्या डबीत घाला आणि ती डबी नि मेणबत्ती वेष्टनाबाहेर टोपलीच्या कडीला बांधा.

बांबूवन
कलण्याचं कारण बुडाशी असतं. वेताच्या टोपलीचं बूड मध्ये उचललेलं असतं, वर नुसती कागदाची कात्रणं टाकली की जड वस्तू त्यांत रुततात. आधी खाकी कागद घट्ट चुरगळून टोपली निम्मी भरा. दाबून खाली जाणार नाही इतका घट्ट. त्यावर जाड पुठ्ठ्याची गोल चकती, टोपलीच्या आतल्या मापाला अर्धा इंच कमी कापलेली. चकतीवर दुहेरी चिकटपट्टीचे चार तुकडे लावून लाडवाचं खोकं मागे, मधोमध चिकटवा. उंच पाऊच त्याला टेकून उभे, बुटकं सामान पुढे. कात्रणं शेवटी, फक्त फटी बुजवायला. वर्तमानपत्र भरणार असाल तर ते चकतीच्या खालीच राहू दे, शाई पदार्थाला लागता कामा नये.

टोपली बुरुडाकडून ताजी आणली असेल तर आधी दोन दिवस कडक ऊन द्या. ओल्या बांबूवर वेष्टन घातलं की आत बुरशी येते.

रानजाई
टोपली वेताची आहे, सुकलेली. पण इतक्या उशिरा श्रिंक कुठे शोधू? आहे त्या कागदात होईल का?

ओसरी
माप द्या. तेव्हापासून विचारतोय.

रानजाई
सॉरी. टोपलीचा व्यास १२ इंच. जमिनीपासून सर्वांत उंच पाऊचच्या टोकापर्यंत ९ इंच. कागद २० इंच रुंद.

घडीमोड
मग सहज होईल. एका पट्टीची लांबी: बूड १२, दोन्ही बाजू ९ अधिक ९, वर मुठीत धरायला ६ अधिक ६. एकूण ४२ इंच. एका टोपलीला अशा दोन पट्ट्या, एकीवर दुसरी आडवी ठेवून अधिकचं चिन्ह करा. मधोमध टोपली. चारही पंख वर घ्या, एका हाताने मूठ धरा आणि दुसऱ्या हाताने बाजूंचा जास्तीचा कागद चुणी घालून मागच्या बाजूला वळवा. चुणी मागेच राहिली पाहिजे, पुढचा भाग सपाट ठेवा. मूठ आधी रबराने आवळा, मग रिबन. एकदम रिबनने बांधायला गेलात तर पकड सुटते आणि कागद सैल पडतो, बहुतेकांचं तिथेच बिघडतं. ढिली चुणी टोपलीच्या काठाखाली पारदर्शक चिकटपट्टीने धरा. पंधरा टोपल्यांना ३२ मीटर कागद लागेल, ३५ आणा.

श्रिंक मिळालीच तर पाऊच किमान २२ बाय २० इंचांचा घ्या. गरम करण्याआधी मागच्या बाजूला टाचणीने तीन-चार भोकं पाडा, नाहीतर अडकलेल्या हवेने तो फुगतो. ड्रायर खालून वर न्या, चार-पाच इंच लांब धरून सतत हलता. लाडवांसमोर थांबू नका, तूप सुटून बटर पेपरवर डाग येतात.

हिरवी_पिशवी
३५ मीटर प्लास्टिक, दोन दिवसांनी कचऱ्यात. निदान निम्म्या टोपल्या तरी कापडात बांधा.

रानजाई
पट्ट्यांचं जमलं, पुढून छान सपाट बसलाय! घरच्या पाच कापडात बांधते. एक राहिलंच, तीन टोपल्या नागपूरला कुरियरने जायच्या आहेत. अशाच देऊ?

ओसरी
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. अशा देऊ नका, गाठ वर असली की खोकं दाबलं जाताच कागद फाटतो. चकली पाऊचसकट कडक डब्यात, वरची फट कागदाने भरून. लाडू एकमेकांना टेकून एकाच थरात. पणत्या वेगवेगळ्या गुंडाळा. टोपलीपेक्षा सर्व बाजूंनी दोन इंच मोठं खोकं घ्या, ती जागा ठासून भरा आणि हलवून बघा. आवाज आला तर उघडून पुन्हा भरा. जिलेटीन आणि रिबन घडी करून सोबत द्या, तिकडे कोणीतरी बांधेल.