'फेरमोजणी' की नुसतीच 'मोजणी'?

प्रश्न : २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरच्या मजकुराचं मराठी करतोय. फ्लोरिडा राज्यात मतं पुन्हा मोजण्यावरून जे चाललं त्याला फेरमोजणी म्हणू, पुनर्मोजणी की फेरमतदान? आणि यंत्राने सोडून दिलेल्या मतांना 'बाद मतं' चालेल का?

उत्तर : फेरमतदान आधी खोडा. त्यात मतदार पुन्हा केंद्रावर जातो. ऑस्ट्रियात २०१६ साली घटना न्यायालयाने मे महिन्यातली दुसरी फेरी रद्द केली आणि डिसेंबरमध्ये लोकांनी पुन्हा मत दिलं, ते फेरमतदान. फ्लोरिडात मतदार घरीच होते, वाद पेटीतल्या मतदानाच्या कार्डांवर होता. पुनर्मोजणी चुकीचा नाही, पण बोलताना कुणी म्हणत नाही. फेरमोजणीच घ्या.

मात्र 'बाद' अजिबात नको, याबद्दल मी आग्रही आहे. बाद म्हणजे कुणीतरी तपासून नाकारलेलं. इथे तर तपासलंच गेलं नव्हतं. कार्डाला टोचून भोक पाडायचं आणि कागदाचा कपटा गळून पडला की यंत्राला मत दिसायचं. कुठे कपटा एका कोपऱ्याला लोंबत राहिला, कुठे नुसताच दबला. यंत्राने ती कार्डं कोरी धरली. 'यंत्राने न वाचलेली मतं' असं सरळ लिहा.

खरी मेख 'फेर'मध्ये आहे. रिपब्लिकन उमेदवार बुश यांची बाजू म्हणे, मोजून झालंय, आता पुन्हा कशाला? डेमोक्रॅट उमेदवार गोर यांची बाजू म्हणे, ही कार्डं एकदाही मोजलेली नाहीत, मग 'फेर' कसली? म्हणून गोर यांचा युक्तिवाद मांडताना 'हाताने मोजणी' लिहा. तिथे फेरमोजणी लिहिलंत तर नकळत दुसऱ्या बाजूचे होता.

प्रश्न : आणि मतदाराचा 'इंटेन्ट'? हेतू म्हणू?

उत्तर : हेतूला आरोपपत्राचा वास येतो. 'मतदाराचा कौल' म्हणावं तर कौल सगळ्या जनतेचा असतो. मी 'मनोदय' घेईन. फ्लोरिडाच्या कायद्याला मनोदय स्पष्ट दिसायला हवा होता, पण तो ओळखायचा कसा, याचं माप काउंटीगणिक (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वेगळं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला बोट ठेवलं ते यावरच. समान वागणुकीची ही अडचण ९ पैकी ७ न्यायमूर्तींना जाणवली, आता वेळ उरलेला नाही म्हणून मोजणी थांबवायची हे मात्र ५ विरुद्ध ४ ने ठरलं.

दुसऱ्या एका वाचकाची भर : 'निकाल' जपून वापरा. मराठीत मतमोजणीचाही निकाल आणि कोर्टाचाही निकालच. 'न्यायालयाने निवडणुकीचा निकाल दिला' असं वाचलं की न्यायमूर्तींनी विजेता जाहीर केला असं वाटतं. त्यांनी मोजणी थांबवली, त्यामुळे राज्याने २६ नोव्हेंबरला प्रमाणित केलेली बुश यांची ५३७ मतांची आघाडी कायम राहिली. कोर्टासाठी 'निर्णय' आणि मोजणी तात्पुरती थांबवणाऱ्या ९ डिसेंबरच्या आदेशासाठी 'स्थगिती' ठेवा, म्हणजे घोळ होणार नाही.