नाजूक पोटाला कुठलं ज्यूस चालतंय?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी, माझं पोट म्हणजे रोजचं रडगाणं झालंय. सगळ्या टेस्ट झाल्या, डॉक्टर म्हणाले आयबीएस, म्हणजे आत जखम बिखम काय नाही पण नखरे भारी. चहा कमी करा म्हणाले म्हणून मी त्याच्या जागी पॅकेटमधलं सफरचंदाचं ज्यूस चालू केलं, फळाचंच आहे की, काय होतंय म्हणून, तर बारा वाजायच्या आत पोट फुगून ढोल आणि दुकान पोराच्या भरवशावर टाकून घरला पळ. या उन्हात गार काय प्यायचं तरी?

खानापूरची सून:
दादा, सफरचंदच घात करालंय तुमचा! त्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त आणि वर सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेसारखाच एक गोड पदार्थ, ते लहान आतड्यात नीट शोषलं जात नाही, मग पाणी ओढून घेतंय आणि मोठ्या आतड्यात गेलं की बॅक्टेरिया त्याचा गॅस करतात. आंबा, पेर, कलिंगड यांचीपण तीच गत. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीवाल्यांनी यावरच लो फॉडमॅप डाएट काढलंय, म्हणजे असल्या नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा कमी करायचं खाणं, मला आमच्या डाएटिशियननी तेच लावलं होतं. मी कोकम आगळ पिते, दोन चमचे ग्लासभर पाण्यात, मीठ, जिरंपूड, झालं. सोलकढी करायची तर लसूण नको हं, आयबीएसला लसूण म्हणजे आगीत तेल. आणि शुगरफ्रीवालं काय घेत असाल तर डब्यावर बारीक अक्षरात सॉर्बिटॉल, मॅल्टिटॉल लिहिलंय का बघा.

निपाणीचा बाळू:
उसाचा रस सोडून कसं चालंल आपल्या भागात 😀 मला अर्धा ग्लास चालतो, बिनबर्फाचा. गाड्यावरच्या बर्फाचं पाणी कुठलं कुणाला ठाऊक, त्यानं पोट बिघडलं तर नाव उसाचं. सोडा मात्र नको, आतच गॅस भरून घेतल्यासारखं.

टिळकवाडी आजी:
एवढं शास्त्र कशाला रे, नाचणीची आंबील प्या ताक घालून, आम्ही उन्हाळाभर तेच पीत आलोय.

खानापूरची सून:
आजी, आंबील उत्तमच, पण ताकात लॅक्टोज असतंय ना, दूध पचत नसलं तर त्रास होतोय. दादा, पहिल्यांदा बिनताकाची करून बघा, मग थोडं थोडं ताक घाला. शहाळंपण अख्खं एका दमात नको, त्यातपण सॉर्बिटॉल असतंय. आणि एका वेळी एकच नवीन गोष्ट, नाहीतर कशानं झालं तेच कळत नाही. संडासातनं रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतनं उठून जावं लागणं, यातलं काय असलं तर ज्यूस बिस राहू दे, आधी डॉक्टरकडं जा.

शहापूरकर:
तसलं काय नाही, देवाची कृपा. चार दिवस झाले सफरचंद बंद, कोकम चालू, काल अख्खा दिवस दुकानात बसलो. तेवढं आंबिलीचं प्रमाण सांगा की आजी, पीठ किती, पाणी किती?

टिळकवाडी आजी:
दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळ्या मोडून कालव, मग दोन ग्लास उकळत्या पाण्यात ओत आणि हलवत राहा, हात थांबवायचा नाही. मीठ शेवटी.