मदत हवी आहे: सोसायटीला लागून असलेल्या डेटा सेंटरचा आवाज आणि धूर, तक्रार कुठे आणि कशी करायची?

नमस्कार मंडळी,

पवई-चांदिवली पट्ट्यात राहतो. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर ठेवायची इमारत, आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही). आधी तिथे कारखाना होता, पण रात्री तरी तो बंद असायचा. आता गच्चीवरचे चिलर (थंडाव्याची मोठी यंत्रं) चोवीस तास चालू. रस्त्यावरची वर्दळ थांबली की ती एकसुरी घरघर घरात शिरते. बेडरूमच्या काचेला तळहात लावला तर थरथर कळते. आईची झोप पार उडाली आहे. जनरेटरची टेस्टिंग असते त्या दिवशी मागच्या विंगच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. झटकायला गेलं की पुसट होण्याऐवजी पसरते.

सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं. उत्तर आलं की आम्ही औद्योगिक क्षेत्राच्या मर्यादेत आहोत. गाडं इथेच अडलंय. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबल चालतो, औद्योगिक भागात ७०. त्यांचा प्लॉट औद्योगिक, आमची इमारत ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली निवासी, मध्ये फक्त भिंत. मग मोजायचं कुणाच्या हिशेबाने? माझ्या मते जिथे आवाज ऐकू येतो तिथली मर्यादा लागू व्हायला हवी, कारण त्या तक्त्यात परिसराची मर्यादा दिली आहे, यंत्राची नाही. पण हे लेखी कशाच्या आधारे मांडायचं? डीपी रिमार्क (विकास आराखड्यात प्लॉट कुठल्या वापराचा आहे त्याचा पालिकेचा दाखला) पुरेल का? असं प्रकरण कुणी लढवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, आमचा सगळा भार याच मुद्द्यावर आहे.

मोबाईल अ‍ॅपवर आकडा ५५ च्या आसपास येतो. नियम ७ प्रमाणे तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त लागतात, म्हणजे आम्ही अगदी काठावर. त्यात हे मोजमाप 'ए' वेटिंगचं, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या हिशेबाचं, आणि त्यात खालच्या पट्टीतला आवाज फार कमी धरला जातो, १०० हर्ट्झला जवळजवळ १९ डेसिबलने. आम्हाला छळणारी घरघर नेमकी त्याच पट्टीतली वाटते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबकडून रात्रभराची, ऑक्टेव्ह बँडसकट (प्रत्येक पट्टीतला आवाज वेगळा दाखवणारी) मोजणी करून घ्यायची आहे. मुंबईत कोण करतं, खर्च किती येतो?

कागदपत्रांचंही सांगा. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. त्या यादीत डेटा सेंटर असा वेगळा प्रकार नाही, त्यामुळे ते साधी इमारत म्हणूनच जातं. त्यांची मंजुरी परिवेश या सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवर सापडत नाही, बहुतेक जमीनमालकाच्या नावाने असेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात जनरेटरची संख्या, धुरांड्याची उंची आणि मंडळाने त्यांना दिलेल्या संमतीपत्राच्या अटी मागायच्या आहेत. अर्जाचे शब्द कसे ठेवावेत, म्हणजे 'व्यावसायिक गुपित' म्हणून फेटाळणार नाहीत?

१२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. जनरेटर कशाला लागतात हे त्यामुळे कळतं, ते नसावेत असं आमचं म्हणणं नाही. पण १ मेगावॅटचा भार दिवसभर चालला तर २४,००० युनिट होतात. महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या २,४०० घरांएवढी ती वीज, आणि अशा केंद्रांचे भार कित्येक मेगावॅटचे असतात. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रातला कोळशाचा संच बंद करणं पुढे ढकललं गेलं, त्यामागे ही वाढती मागणीही आहे. तिथला धूर माहुल-चेंबूरची माणसं श्वासात घेतात. एवढा भार शहराने उचलायचा, तर चिलरभोवती ध्वनिरोधक भिंत आणि जनरेटरला नीट गाळणी बसवा, एवढं मागणं जास्त आहे का?

मराठीतला तक्रारअर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर इथेच टाका. मागच्या चाळीतल्या लोकांकडे लेटरहेड नाही आणि वकीलही नाही, त्यांनाही तो वापरता येईल.